परळ, बार्शी, औंढा

हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथचे नाव बाहेरच्या माणसाला आजवर देवळामुळे ठाऊक होते. ज्योतिर्लिंगाचे ठिकाण, विसोबा खेचरांचे गाव, नामदेवांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरले अशी आख्यायिका सांगतात ती जागा. अलीकडे त्यात दुसरी ओळख जमा झाली आहे. याच तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात ‘लायगो-इंडिया’ ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा, आणि त्यांच्या लांबीत प्रोटॉनच्या दहा हजाराव्या भागाहून कमी फरक पडला तरी तो टिपायचा, असा हा खटाटोप आहे. त्याची मुख्य जबाबदारी अणुऊर्जा विभागाकडे आहे.

हाच अणुऊर्जा विभाग १९६२ पासून परळचे टाटा मेमोरियल रुग्णालयही चालवतो. औंढ्याच्या पंचक्रोशीतल्या बायकांना या विभागाची ओळख झाली ती दुधाळ्यामुळे नव्हे. परभणीपर्यंत एसटी, तिथून रात्रीची देवगिरी, सकाळी दादर, आणि मग परळच्या केसपेपरची रांग. मुक्कामाला जागा मिळालीच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा, नाहीतर फुटपाथ. कित्येक घरांनी हा रस्ता पायाखाली घातला आहे. दूरच्या आकाशात दोन कृष्णविवरे एकमेकांवर आदळली तर त्याची खबर उद्या औंढ्यात लागेल. गावातल्या बाईच्या गर्भाशयमुखात दहा-पंधरा वर्षे गुपचूप चाललेल्या बदलाची खबर गावातच लागावी, यासाठी मराठी मुलखात जे प्रयत्न झाले त्यांचा इतिहास मात्र फारसा सांगितला जात नाही. तो सांगण्याजोगा आहे, कारण जगभर ज्यावर विसंबून धोरणे ठरली असे एक मोठे उत्तर याच मराठवाड्यातून निघाले.

सुरुवात अर्थातच मुंबईची. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांच्या मागे दोराबजी टाटा ट्रस्टने कर्करोगाचे रुग्णालय बांधायला घेतले आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल सुरू झाले. त्या वेळी औंढा परभणी जिल्ह्यात आणि परभणी निजामाच्या राज्यात. मुंबई इलाखा हा परका मुलूख. मराठवाड्याचा कारभार हैदराबादेतून चाले, आणि तिथेही कर्करोगाचे आणि रेडियमचे रुग्णालय (आजचे एम. एन. जे.) सुरू झाले ते १९५५ मध्ये. दुसऱ्याच वर्षी राज्यपुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि ते रुग्णालय आंध्र प्रदेशात राहिले.

त्या काळात कर्करोगाचे यंत्र म्हणजे रेडियम किंवा क्ष-किरण. गर्भाशयमुखाच्या गाठीत रेडियमच्या नळ्या ठेवायच्या, तास मोजायचे, काढायच्या. यंत्र जड, महाग, धोक्याचे. ते हलत नसे, बाईनेच त्याच्यापर्यंत जायचे. पुढे कोबाल्ट आला. त्यातला भारतातला पहिला संच १९५७ मध्ये मद्रासच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये बसला. तरी न्याय तोच: यंत्र शहरात, बाई प्रवासात.

याच टाटा मेमोरियलच्या परिसरात एक पुणेकर बाई काम करत होत्या. कमल समर्थ, लग्नानंतरच्या कमल रणदिवे. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७चा. शाळा हुजूरपागा, कॉलेज फर्ग्युसन. डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच.डी. केली आणि त्या अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. ऊती शरीराबाहेर काचेत वाढवण्याचे तंत्र तिथे शिकल्या, आणि परत येऊन मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगाचा विषाणू, संप्रेरके आणि अनुवंश यांच्याशी काय संबंध आहे, हा त्यांच्या कामाचा गाभा. विषाणूने कर्करोग होतो ही कल्पना तेव्हा फार लोकांच्या गळी उतरत नव्हती.

ज्या गे यांच्याकडे त्या शिकल्या, त्यांच्याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या काळ्या अमेरिकन बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतून ‘हेला’ पेशी वाढल्या. लॅक्सबाईंची परवानगी कुणी घेतली नव्हती. तीस वर्षांनी हाराल्ड झुर हाउझेन यांच्या जर्मन गटाला त्या हेला पेशींमध्ये ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा, म्हणजे एचपीव्हीचा, अठरावा प्रकार सापडला. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमी याच विषाणूच्या काही प्रकारांमुळे होतो, हे पुढे पक्के झाले आणि २००८ मध्ये झुर हाउझेन यांना नोबेल मिळाले. विषाणू हेच मूळ असेल, तर गाठ शोधत बसण्याऐवजी विषाणू शोधता येईल. धाराशिवमध्ये पुढे जे घडले त्याचे बी इथे आहे.

रणदिवेबाई प्रयोगशाळेत कोंडून राहिल्या नाहीत. १९७३ मध्ये भारतीय महिला वैज्ञानिकांची संघटना त्यांनी सहकाऱ्यांसोबत उभी केली, अहमदनगर जिल्ह्यातल्या आदिवासी मुलांच्या पोषणावर काम केले. १९८२ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्यांचे नाव आज मराठी घरांत जितके ठाऊक असायला हवे तितके नाही.

पाश्चात्त्य देशांत गर्भाशयमुखाचा कर्करोग आटोक्यात आला तो पॅप तपासणीने. पापानिकोलाऊ यांनी १९४०च्या दशकात रूढ केलेली ही पद्धत: गर्भाशयमुखावरच्या पेशी खरवडायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. ऐकायला सोपी. पण काचपट्टी नीट पसरावी लागते, लगेच टिकवावी लागते, शहरात पाठवावी लागते. तिथे एका डोळसाने रोज डझनावारी काचा तपासायच्या. अहवाल येईतो बाई परत शेतात. तिला पुन्हा बोलवायचे, ती येईल याची खात्री नाही, आणि दर काही वर्षांनी हे सगळे पहिल्यापासून. ज्या तपासणीला इतके हात लागतात ती औंढ्यासारख्या तालुक्यात चालत नाही, हे कळायला मोठ्या संशोधनाची गरज नव्हती. तरी तीस-चाळीस वर्षे भारतात याच पद्धतीची स्वप्ने पाहिली गेली.

बदल झाला तो बार्शीत. सोलापूर जिल्ह्यातले हे बाजाराचे गाव मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आहे. परंडा आणि भूम ही त्याच्या शेजारची गावे धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे मराठवाड्यात. तिथे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल उभे राहिले आणि डॉ. भगवान नेने यांच्यासारख्या माणसांनी ते चालवले. १९८७ मध्ये इथे भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. मुंबईची शहरी नोंदवही १९६३ची. खेड्यात मात्र कुणाला कर्करोग झाला, कोण कशाने गेले, याची कुठेच धड नोंद नव्हती. बार्शी, परंडा आणि भूम या तीन तालुक्यांतली ३४६ गावे धरली गेली.

नोंद करायची कशी? खेड्यातला रुग्ण दवाखान्यात येतोच असे नाही, त्यामुळे दवाखान्याच्या वहीत तो सापडत नाही. म्हणून बार्शीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत राहिले. सरपंच, मास्तर, ग्रामसेवक, सुईणी यांना विचारायचे: कुणाला गाठ आहे का, कुणाच्या अंगावरून जातंय का, पाळी गेल्यावर परत रक्त दिसलं का. नोंदवही भरता भरता आरोग्यशिक्षण झाले. लक्षणे ठाऊक झाल्यावर बायका आधीच्या टप्प्यात येऊ लागल्या, हे पुढे शोधनिबंधांत नोंदले गेले. आणि एक गोष्ट लख्ख दिसली. या गावांतल्या बायकांना होणाऱ्या कर्करोगांत गर्भाशयमुखाचा पहिला होता.

इकडे मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये वेगळा डाव मांडला. डॉ. सुरेंद्र शास्त्री आणि सहकाऱ्यांनी झोपडपट्ट्यांतले वीस गट निवडले आणि दीड लाखाच्या आसपास बायकांना अभ्यासात घेतले. तपासणी ‘व्हीआयए’ची. म्हणजे स्पेक्युलम लावायचा, दिव्याचा झोत गर्भाशयमुखावर टाकायचा, कापसाच्या बोळ्याने पातळ अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड लावायचे, मिनिटभर थांबायचे. स्वयंपाकघरातल्या व्हिनेगरात असते तेच हे आम्ल, चार-पाच टक्क्यांचे. निरोगी पेशी गुलाबीच राहतात. बिघडू लागलेल्या पेशींत प्रथिने आणि केंद्रद्रव्य दाटलेले असते. आम्लाने ते साकळते आणि तिथे पांढरा चट्टा उमटतो. उत्तर जागच्या जागी. प्रयोगशाळा नाही, टपाल नाही, दुसरी खेप नाही. पाहणाऱ्या कोण? दहावी शिकलेल्या, चार आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेल्या वस्त्यांमधल्या बायका.

दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतरचा निकाल २०१३ मध्ये शिकागोच्या कर्करोगतज्ज्ञांच्या अधिवेशनात मुख्य व्यासपीठावरून सांगितला गेला: गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. व्हिनेगर, दिवा आणि दहावी पास बाई. त्या वर्षी जगभरच्या वर्तमानपत्रांना ही बातमी फार आवडली.

पण मराठवाड्यातला प्रयोग याहून मोठा होता, आणि त्याचे उत्तर इतके सोयीचे निघाले नाही.

ऑक्टोबर १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यातल्या गावांचे ५२ गट पाडले गेले. बार्शीचे रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लिओंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे एकत्र, पैसा गेट्स फाउंडेशनचा, नेतृत्व डॉ. आर. शंकरनारायणन यांचे. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. चार भाग: एकात एचपीव्हीची तपासणी, दुसऱ्यात पॅप, तिसऱ्यात व्हीआयए, चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था, म्हणजे व्यवहारात काही नाही. तपासणी आयुष्यात एकदाच आणि मग आठ वर्षे पाठपुरावा. बरोबरीने तीन पद्धती खेड्यात अशा जोखण्याचे काम तोवर कुठेही झाले नव्हते.

नमुना घ्यायला डॉक्टर नव्हते. एएनएम, गावाकडच्या भाषेत नर्सबाई, शिकून तयार झाल्या. एचपीव्हीसाठी ‘हायब्रिड कॅप्चर’ नावाचा अमेरिकन संच वापरला. ब्रशने घेतलेला नमुना नळीत, नळी बार्शीला. तिथे विषाणूचा डीएनए उलगडून त्याला जुळणारी आरएनएची साखळी चिकटवायची. चिकटली की त्या जोडीला पकडणाऱ्या प्रतिपिंडांनी ती धरून ठेवायची आणि शेवटी रसायनातून निघणारा उजेड यंत्राने मोजायचा. उजेड ठरावीक पातळीवर गेला की बाई ‘पॉझिटिव्ह’. माणसाच्या नजरेचा प्रश्नच नाही. मात्र एका खेपेला नव्वदेक नमुने बसत, तेवढे जमल्याशिवाय यंत्र चालवणे परवडत नसे आणि सगळ्यात मिळून अख्खा दिवस जाई. संच महाग, थंड ठेवावा लागणारा, आणि नव्हता भारतीय.

ज्या बाईत काही सापडले तिला कॉल्पोस्कोपीने तपासले, कर्करोगाआधीचा बदल असेल तर तो गोठवून किंवा तारेने काढला, कर्करोग असेल तर बार्शीत उपचार केले. हे कलम महत्त्वाचे आहे. तपासणी आणि उपचार यांच्यामध्ये मुंबई नव्हती.

निकाल २ एप्रिल २००९ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. ज्या भागात काहीच तपासणी नव्हती तिथल्या ३१,४८८ बायकांपैकी ६४ जणी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने गेल्या होत्या. एचपीव्ही तपासणीच्या ३४,१२६ बायकांत ३४. पॅपच्या भागात ५४, व्हीआयएच्या भागात ५६. तिथली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. एचपीव्हीच्या एका तपासणीने, एकदाच केलेल्या, मृत्यू जवळजवळ निम्म्यावर. दुसरे निरीक्षण तितकेच मोलाचे होते. एचपीव्ही नाही असे निघालेल्या बायकांत पुढच्या आठ वर्षांत कर्करोगाचे प्रमाण वर्षाला लाखामागे ३.७ राहिले, पॅपमध्ये ‘ठीक’ ठरलेल्यांत ते १५.५ आणि व्हीआयएत १६. म्हणजे एचपीव्हीच्या ‘नाही’वर भरवसा ठेवता येतो आणि त्या बाईला अनेक वर्षे परत बोलवायची गरज नाही. रोजंदारी बुडवून येणाऱ्या बाईसाठी यापेक्षा मोठी सवलत दुसरी नाही.

मग मुंबईत व्हिनेगर चालले आणि धाराशिवला का नाही? मुंबईत चार फेऱ्या झाल्या, धाराशिवला एकच. तमिळनाडूत दिंडिगुल जिल्ह्यात मात्र एकाच फेरीत व्हीआयएने मृत्यू कमी झाले होते. नजरेवर चालणारी तपासणी नजरेइतकीच चांगली असते, आणि नजर गावागणिक बदलते. एवढाच त्याचा अर्थ लावता येतो.

या प्रयोगांवर एक काळा डागही आहे, तो झाकून चालणार नाही. मुंबई आणि धाराशिव दोन्हीकडे हजारो बायकांना मुद्दाम तपासणीविना ठेवले गेले, कारण तुलनेला कुणीतरी हवे होते. ‘भारतात नाहीतरी तपासणी होत नाहीच’ हा संशोधकांचा बचाव. पॅप तपासणी उपयोगी आहे हे ठाऊक असताना गरीब बायकांना त्याविना का ठेवले, हा टीकाकारांचा प्रश्न. अमेरिकेतही यावर वाद झाला. बचाव कायद्याला धरून असेल. पण त्या ६४ बायकांच्या घरच्यांना तो सांगून बघावा.

आणि या उत्तराचे आपल्याकडे काय झाले? २०१६ मध्ये केंद्राने तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वे काढली, तीस ते पासष्ट वयासाठी, दर पाच वर्षांनी. गर्भाशयमुखासाठी निवड व्हीआयएची झाली. स्वस्त म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, तिच्या आधारांत धाराशिव आहे. धाराशिवच्या उपकेंद्रात मात्र धोरण व्हिनेगरचेच राहिले. तेही कागदावर. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २१ या काळात, तीस ते एकोणपन्नास वयाच्या भारतीय बायकांपैकी अवघ्या १.९ टक्के बायकांनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी झाल्याचे सांगितले.

तपासणी नसली की तिची जागा भीती घेते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे गाजले आणि नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने पाहिलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची ‘पिशवी’ काढलेली होती. अंगावरून पांढरे जाते, कंबर दुखते अशी तक्रार घेऊन बाई खासगी दवाखान्यात जाते आणि ‘पुढे कॅन्सर होईल’ या एका वाक्यावर ऑपरेशन ठरते. ज्या शंकेचे निरसन एका ब्रशने झाले असते तिच्यासाठी तिशीतल्या बाईने अवयव गमावला, वर कर्ज काढले. हिंगोलीतूनही टोळ्या ऊसतोडीला जातात.

तपासणीत कर्करोग निघालाच तर पुढे काय, हा या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग, आणि इथे अभियांत्रिकीचा खरा कस लागतो. गर्भाशयमुखाचा पुढच्या टप्प्यातला कर्करोग मुख्यतः किरणोपचाराने बरा होतो. आठवड्याला पाच दिवस, पाच-सहा आठवडे, मध्ये खंड पडू न देता. त्यातले बरेचसे काम कोबाल्टचे यंत्र करू शकते, पण ती यंत्रे कॅनडाहून येत. २००० नंतरच्या दशकात तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अभियंत्यांनी टाटा मेमोरियलबरोबर स्वतःचे यंत्र बनवले, ‘भाभाट्रॉन’. पहिले खारघरच्या टाटा केंद्रात बसले. पुढे बेंगळुरूच्या पॅनेशिया कंपनीने ते तयार केले. व्हिएतनाम, श्रीलंका, मादागास्कर अशा देशांना भारताने ते भेट दिले.

भाभाट्रॉनची खुबी त्याच्या डौलात नाही. ते लोडशेडिंगच्या देशात बनले आहे. वीज गेली तरी बॅटरीवर चालण्याची सोय त्यात आहे. त्यातला कोबाल्ट राजस्थानातल्या अणुभट्टीत तयार होतो आणि नवी मुंबईच्या ‘ब्रिट’ या सरकारी संस्थेकडून मिळतो. सव्वापाच वर्षांत तो निम्मा होत असल्याने बदलावा लागतोच, पण डॉलर मोजावे लागत नाहीत. दहा लाख लोकांमागे किमान एक किरणोपचार यंत्र असावे, असा ढोबळ हिशेब धरतात. २०११ च्या जनगणनेत हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती. मराठवाड्याचे सरकारी कर्करोग रुग्णालय २०१२ मध्ये औरंगाबादला सुरू झाले. औंढ्याहून ते दोनशे किलोमीटरच्या आसपास. मुंबईपेक्षा जवळ खरे, पण पाच आठवडे रोज जाऊन येण्याजोगे नाही. घरी दुभते जनावर आहे, मुलीची परीक्षा आहे, नवरा ऊसतोडीला गेला आहे. उपचार अर्धवट सुटतात ते बहुतेक वेळा अशा कारणांनी.

बार्शीचे नाव आणखी एका प्रकरणात येते, आणि ते तर अपघाताने घडले. २००९ मध्ये एचपीव्ही लसीचे दोन डोस पुरतात की तीनच लागतात हे पाहण्यासाठी भारतात नऊ ठिकाणी अभ्यास सुरू झाला. बार्शी, पुणे आणि मुंबई त्यात होते. एप्रिल २०१० मध्ये खम्मम आणि वडोदरा इथल्या याच लसीच्या दुसऱ्या एका प्रकल्पावरून गदारोळ उठला आणि सरकारने सगळेच लसीकरण थांबवले. अभ्यासातल्या पाच हजारांच्या जवळपास मुलींना एकच डोस मिळून राहिला. त्यांचा पाठपुरावा मात्र सुटला नाही. दहा वर्षांनी दिसले की विषाणूच्या १६ आणि १८ या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या संसर्गापासून एका डोसने ९५ टक्क्यांवर संरक्षण दिले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असे सांगितले, त्यामागे या मुली आहेत. त्याच वर्षी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या ‘सर्वाव्हॅक’ या एचपीव्ही लसीला परवानगी मिळाली.

आज हत्यारे बदलली आहेत आणि त्यांतली बरीच घरची आहेत. गोव्याच्या मोलबायो कंपनीचे ‘ट्रूनॅट’ हे बॅटरीवर चालणारे छोटे पीसीआर यंत्र क्षयरोगाच्या कार्यक्रमातून तालुक्या-तालुक्यांत पोचलेच आहे. त्याची रसायने वाळवून चिपवर बसवलेली असतात, फ्रीजवर सगळी भिस्त नाही, आणि एक नमुना आला तरी तासाभरात उत्तर मिळते. बार्शीला नव्वद नळ्या जमेपर्यंत थांबावे लागे, ती अडचण संपली. याच यंत्रावरची एचपीव्ही चाचणी आणि पुण्याच्या मायलॅबची चाचणी, दोन्हींची देशातल्या तीन सरकारी संस्थांनी पडताळणी केल्याचे एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाले. पुण्याच्याच पेरिविंकल कंपनीचा ‘स्मार्ट स्कोप’ गर्भाशयमुखाचे छायाचित्र घेऊन संशयास्पद जागा दाखवतो. गोठवण्यासाठी गॅसचे सिलिंडर वाहून न्यावे लागत. आता हातात धरायच्या तापत्या उपकरणाने शंभर अंशांवर मिनिटाच्या आत तो भाग जाळता येतो आणि बाई चालत घरी जाते.

या पार्श्वभूमीवर हिंगोलीचे ‘संजीवनी अभियान’ पाहावे. ८ मार्च २०२५ च्या महिला दिनी ते सुरू झाले. आशाताई प्रश्नावली घेऊन घरोघर गेल्या. त्याच महिन्यात आरोग्यमंत्री प्रकाश आबिटकर यांनी विधिमंडळात सांगितले की २,९२,९९६ बायकांच्या पाहणीत १४,५४२ जणींमध्ये कर्करोगासारखी लक्षणे आढळली. त्यांपैकी गर्भाशयमुखाचा कर्करोग तिघींना, स्तनाचा एकीला आणि तोंडाचा आठ जणींना निश्चित झाला. ‘हिंगोलीत साडेचौदा हजार महिलांना कॅन्सर’ असे मथळे लगेच फिरू लागले. ते चूक होते. लक्षण म्हणजे रोग नव्हे. पाच टक्के बायकांना अंगावरून जाण्याचा किंवा तोंडातल्या जखमेचा त्रास असणे यात नवल काही नाही.

पण मथळ्यांवर हसून मोकळे होता येत नाही. एका जिल्ह्याने महिन्याच्या आत तीन लाखांच्या घरात बायकांची दारे वाजवली, हे काम बार्शीच्या नोंदवहीच्या जातकुळीतले आहे आणि त्याला दाद द्यायला हवी. उणीव आहे ती प्रश्नावलीत. गर्भाशयमुखातल्या कर्करोगपूर्व बदलाला लक्षण नसते. पाळी सोडून रक्त दिसू लागले म्हणजे बहुधा उशीर झालेला असतो. धाराशिवने जे २००९ मध्येच सिद्ध केले ते नेमके हेच: बाईला काही होत नसतानाच तिचा नमुना घ्यायचा. हिंगोलीच्या आशाताईच्या पिशवीत प्रश्नावलीसोबत ब्रश आणि नळी असती, बाईने आडोशाला जाऊन स्वतःच नमुना घेतला असता (स्वतः घेतलेला नमुनाही एचपीव्हीला चालतो), तर त्याच फेरीत ज्यांना खरा धोका आहे त्यांची यादी हाती आली असती. बाकी उरलेल्या बायकांना पाच-दहा वर्षे निर्धास्त राहता आले असते.

हिंगोलीला ऑक्टोबर २०२४ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. कॉल्पोस्कोपी आणि तापते उपकरण तिथे हवे, औंढ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक वार ठरलेला हवा, आणि परभणी-नांदेड-हिंगोली या पट्ट्यात रोजच्या एसटीच्या अंतरावर किरणोपचार हवे. ज्या विभागाला दुधाळ्यात २,६०० कोटींची वेधशाळा उभारायची आहे त्याच्याच शास्त्रज्ञांनी भाभाट्रॉन बनवले आहे. तेव्हा हे मागणे अवास्तव नाही. त्याआधी एक साधी गोष्ट जिल्हा प्रशासनाला करता येईल. त्या १४,५४२ जणींपैकी किती जणींची पुढची तपासणी झाली, किती जणी उपचाराला लागल्या आणि किती वाटेत गळाल्या, हा आकडा तालुकावार जाहीर करावा, आणि औंढ्याच्या लोकप्रतिनिधींनी तो दरवर्षी मागावा.